मा याबाची काळी साळ

मोइकोंदे, कोतिका नदी
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

सा अफीबा,

देवाच्या दयेनं इथं सगळी उभी आहेत, तिथंही असतील असं धरून चालते. आपल्या आईला, माला, मातीत ठेवून सात महिने झाले. तू तिची थोरली, तरी आठवा दिवस व्हायच्या आत नदीपलीकडे निघून गेलीस, त्याविषयी या पत्रात लिहीत नाही. कागद एवढाच आहे आणि कामाचं पुष्कळ आहे.

गुरुवारी थोरांची बैठक झाली. गावचा मुख्य दा अपिन्सा अजून तसाच आहे, बोलताना पाइप तोंडातून काढत नाही, म्हणून अर्धं कळतं. त्यानं माचं सुतक फेडायचा दिवस ठरवला : शनिवार, २० मे. "थोरली नसेल तर पानावर पहिला घास कोण ठेवणार?" असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हटलं, येईल. मला खोटं पाडू नकोस.

शेत जाळून झालं. हेस्डीची कंबर गेल्यापासून तो लांबचं रान तोडत नाही. माच्याच जुन्या शेताच्या कडेकडेनं दरवर्षी थोडा पुढे सरकतो. शेजारणी म्हणतात, "लुद्विना, तुझ्या नवऱ्याचं शेत खेकड्यासारखं चालतं गं." चालू दे. राख यंदा चांगली पडली आहे.

आता पानाचं. पितरांच्या पानावर काळी साळच लागते, हे तुला मी काय सांगायचं. तीही नव्या पिकाची आणि आपल्याच घरच्या वाणाची, आपल्या मूळ अबेनी आजीनं गोऱ्यांच्या मळ्यातली गुलामी सोडून पळताना केसांत खोवून आणली त्या वाणाची. ती नसली की दिवस पुढे ढकलतात आणि गेलेलं माणूस मधल्यामध्ये अडकून राहतं. माची साळ डब्यात आहे, त्याची काळजी नाही. तरी तुझ्याकडची ओंजळभर पाठवलीस तर बरं दिसेल. दोघींच्या हातची म्हणता येईल.

चर्चच्या पाळकांना मी यातलं काही सांगत नाही. रविवारी मी त्यांच्या पुढ्यात बसते, शनिवारी आईची मुलगी असते. देवाला दोन्ही दिवस ठाऊक आहेत.

पत्र होडीवाल्या बा मोंगोकडे देते आहे. तो अल्बिना गावाला जाणार आहे, तिथून पुढे पलीकडे.

तुझी,
लुद्विना


रविवार, १२ डिसेंबर १९९९

सा अफीबा,

तुझं उत्तर पोचलं. दोन ओळींचं का होईना, उत्तर ते उत्तर. 'डब्यात आहे तर पेर. माझी कशाला?' हे मी हेस्डीला वाचून दाखवलं. तो जाळं विणत होता. म्हणाला, "बरोबर बोलते की. आहे तर पेर."

"पेरणारच आहे."

"मग मागतेस कशाला?"

नवऱ्याला सगळंच सांगायला हवं असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

पाऊस दोनदा येऊन गेला. मी लांब दाण्याची साळ टोकली, कडेनं भेंडी आणि तीळ लावले, भुईमूग मधल्या पट्ट्यात. काळ्या साळीसाठी ओढ्याच्या बाजूचा तुकडा मोकळा ठेवला आहे. डब्यातली ओल्या फडक्यात घालून पाहिली. थोडी कमी उगवते आहे. डबा जुना, दमट हवा, असं होतं कधी कधी. म्हणून पुन्हा लिहिते : पाठवता आली तर पाठव. मान राखून मागते आहे. इतके महिने तू काही विचारलं नाहीस, मी काही विचारलं नाही, आता सणाचे दिवस आहेत.

नाताळच्या प्रार्थनेला मंडळीतल्या बायका नव्या चालीवर गीत बसवताहेत. माझा आवाज खालच्या पट्टीत, म्हणून मला मागे उभं करतात. तू असतीस तर पुढे उभी राहिली असतीस आणि ताल चुकवला असतास. तुझ्या सुनेला, नातवंडांना आशीर्वाद.

लुद्विना


रविवार, ९ जानेवारी २०००

सा अफीबा,

या वेळी तुझं उत्तर आलं नाही. बा मोंगो रिकाम्या हातानं धक्क्यावर उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हा बहिणींच्या अबोल्यावर माझं पेट्रोल जळतंय, याचा हिशेब वर कोणी ठेवतंय का?" बायका हसल्या. मीही हसले. घरी येऊन बायबलच्या रोजच्या वचनांचं पुस्तक उघडलं तर आजचं वचन खोटी साक्ष देऊ नकोस हे. पुस्तकाला आपण कोणाच्या घरी आहोत हे बरोबर कळतं.

तर खरं लिहिते.

डब्यातली साळ थोडी कमी उगवते असं मी म्हटलं. वीस दाणे ठेवले होते. एकही उगवला नाही. पुन्हा वीस ठेवले. तेही नाही. ती साळ मेलेली आहे आणि ती माझ्या हातून मेली. गेली चार वर्षं मी काळी साळ पेरलेली नाही.

कारणं सांगते, ती खरी आहेत, पण कारणंच आहेत. ती पिकली की कापायच्या आधीच गळते; सकाळी लोंबी भरलेली, दुपारी अर्धी जमिनीवर. कांडताना तुटते. मुलं तोंडात घेऊन बसतात. त्यात पाळक एकदा प्रवचनात म्हणाले, मेलेल्यांसाठी वेगळं शिजवणं हे अंधारातलं काम आहे. मी मनात म्हटलं, चला, कष्ट वाचले आणि पुण्यही लागलं.

माचे डोळे तोवर गेले होते. शेताला होडीनं जावं लागतं, ती येऊ शकत नव्हती. पण कापणी झाली की निजायच्या टांगत्या झोळीतून हात पुढे करायची. "काळी दाखव." मी डब्यातली मूठभर तिच्या तळव्यावर ठेवायची. ती दाणे बोटांनी फिरवायची, एक दातांखाली धरायची, परत द्यायची. मी डब्यात ओतायची. पुढच्या वर्षी तेच दाणे. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "हलका झालाय गं दाणा."

मी म्हटलं, "पाऊस कमी होता, मा."

चौथ्या वर्षी नुसते दाणे फिरवले. हात थोडा जास्त वेळ मिटून ठेवला, एवढंच.

दफनाच्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "माच्या शेताचा बाजार केलास तू." मी म्हटलं, "जे सोडून गेले त्यांनी हंडीत डोकावू नये." लढाईत आपण सगळीच नदीपलीकडे पळालो होतो, सा. मी परत आले आणि तू तिकडेच राहिलीस एवढंच. ते बोलायला नको होतं. तू खरं बोललीस म्हणून मला राग आला होता.

म्हणून आता रीतीनं मागते. या पत्राबरोबर माझ्या घरचा रिकामा भोपळ्याचा तुंबा पाठवते आहे, आतली नक्षी माझ्या हातची. रिकामा तुंबा दारी आला की बियाण्याला नाही म्हणता येत नाही, वैरीण असली तरी. मी वैरीण नाही. पेरणीचे दिवस संपत आले. जानेवारीअखेरपर्यंत टोकली तर मेपर्यंत हाती येईल, त्यानंतर नाही.

लुद्विना


रविवार, ६ फेब्रुवारी २०००

सा अफीबा,

बा मोंगोनं तुंबा माझ्या हातात दिला तेव्हाच वजनावरून कळलं. तरी झाकण काढून पाहिलं. रिकामा. माझ्या तोंडाकडे पाहून तो बिचारा म्हणाला, "वाटेत सांडलं नाही हं, मी शपथ घेतो."

मग तुझं पत्र वाचलं. धक्क्यावर उभ्या उभ्याच, कपडे धुणाऱ्या सगळ्या बघत असताना.

म्हणजे तुझ्याकडेही नाही. सहा वर्षांपासून नाही. तिकडच्या सरकारनं तुमच्या शेतावर घरं बांधली, नवी जागा मिळेपर्यंत दोन हंगाम गेले, उरलेली आजारपणात खीर करून संपली. आणि दफनाच्या दिवशी तू मला जे बोललीस ते रात्रभर स्वतःलाच बोलत बसली होतीस. आठ दिवस थांबली असतीस तर मी साळ मागितली असती, या भीतीनं पळालीस. सा अफीबा, मला वाटलं होतं तू रागानं गेलीस. सात महिने तुझ्या रागाला भिऊन मी तुला पत्र लिहिलं नाही.

मी हसले. खरंच सांगते, धक्क्यावर बसून हसले. एका आईच्या दोन मुली, एक या काठावर खोटं बोलते, एक त्या काठावर. बायकांना वाटलं मला वाईट बातमीनं काहीतरी झालं. कोणी पाणी आणलं.

पण हसून झाल्यावर उरलं तेच. वीस मेला पानावर काय ठेवायचं? मी तीन गावांत विचारलं. वरच्या गावातल्या सा लेओनाकडे काळी साळ आहे, पण ती त्यांच्या आजीच्या वाणाची. दा अपिन्सा म्हणतो, "दुसऱ्याच्या आईचं जेवण वाढून आपली आई उठत नाही." दिवस पुढे ढकलायचा म्हणतो. मी त्याला मार्चपर्यंत थांब म्हटलं आहे. कशाच्या भरवशावर, ते मला माहीत नाही. प्रार्थना करते आहे. पाळकांनी सांगितलेल्या देवाचीच करते, मागणं फक्त माझं आहे.

तुंबा फडताळात ठेवला आहे.

लुद्विना


रविवार, २० फेब्रुवारी २०००

सा अफीबा,

हे पत्र मोठं होईल. बस आणि वाच.

मंगळवारी तण काढायची बेणणी होती. शेजारच्या चौघी आल्या होत्या, पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जायची. आपली मावशी मा फिदा पण हट्टानं होडीत बसून आली. तिला वाकता येत नाही. खोपीच्या सावलीत बसून भेंडी निवडायची आणि आमच्या कामात खोड्या काढायच्या, हे तिचं काम.

आम्ही ओढ्याकडच्या बाजूनं उपटत येत होतो. त्या बाजूला दरवर्षी एक दांडगं तण येतं, साळीसारखंच दिसणारं, पण बुडाशी जांभळट. मी बायकांना सांगते, हे आधी काढा, हे साळीला खातं. ढीग खोपीजवळ नेऊन टाकत होते. तिसऱ्या फेरीला मा फिदानं ढिगातली एक जुडी उचलून मांडीवर घेतली होती. पान दांड्यापासून अलगद वाकवून सांध्यात नख घालून बघत होती.

"लुद्विना, हे काय आहे?"

"तण आहे, मावशी."

"असं? किती वर्षं येतंय हे तण?"

"चार-पाच वर्षं. कितीही काढलं तरी येतं मेलं."

"येणारच. गळते ना ती." मग पान माझ्या नाकासमोर धरलं. "पांढऱ्या साळीची पानाच्या सांध्यातली जीभ लांब आणि टोकदार. हिची बघ. आखूड, गोल. शाळेत दहावीपर्यंत गेलीस, तिथं एवढं नाही शिकवलं? आईला उपटून ढिगात घातलीस की गं."

मी तिथंच बसले. बायकांनी उपटणं थांबवलं. त्यातली सर्वात तरुण होती, ती हातातली जुडी पाठीमागे लपवायला लागली, जणू तिनंच काही केलं.

सा, तुझ्या लक्षात येतंय का? ती गळते म्हणून मी सोडली होती. माच्या शेवटच्या पिकातली जी गळली, ती त्या जमिनीतच होती. हेस्डीची कंबर गेली म्हणून आम्ही तिथून लांब गेलो नाही. दरवर्षी ती स्वतः उगवत होती, दरवर्षी मी ती माझ्या हातानं उपटत होते, तरी दोन-चार कुठंतरी झुडपाआड राहून पिकत होती आणि पुन्हा गळत होती. आणि घरी येऊन मी माच्या हातात मेलेले दाणे ठेवत होते.

ढिगातल्या ज्यांची मुळं ओली होती त्या चिखलात पुन्हा लावल्या. बहुतेक सुकतील. न उपटलेल्या ओढ्याकाठी सापडल्या त्या एकवीस. प्रत्येकीला काठी रोवून जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. हेस्डी संध्याकाळी होडी घेऊन आला, चिंध्या बघून म्हणाला, "हे काय, लग्न आहे का कोणाचं?" मी त्याला चारही वर्षांचं सगळं सांगितलं. तो वल्हं मारता मारता ऐकत होता. मग म्हणाला, "माझ्या कंबरेला कधी कोणी चांगलं म्हटलं नव्हतं."

परतताना मी मा फिदाला विचारलं, माला कळलं असेल का? ती म्हणाली, "याबाचे डोळे गेले होते. बोटं नव्हती गेली."

पुढे मी विचारलं नाही. वाईट वाटलं, पण का कोण जाणे, बरंही वाटलं. माला ठाऊक होतं आणि तरी ती दरवर्षी हात पुढे करत होती.

लुद्विना


रविवार, ३० एप्रिल २०००

सा अफीबा,

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे कबरींवर गेलो, माच्या कबरीवर मेणबत्ती लावली. दुसऱ्याच दिवशी कापणी. एकवीसपैकी सोळा टिकल्या, ढिगातून लावलेल्यांपैकी तीन. लोंब्यांना आधीच फडकी बांधली होती, म्हणून गळलेलं फडक्यात राहिलं. एकेक लोंबी छोट्या सुरीनं कापली. सगळं मिळून एक तुंबा भरला, वर थोडी शीग.

एक तुंबा, सा. कांडून शिजवली तर पानापुरती. पण मग बियाणं नाही. बियाण्याला ठेवली तर पान नाही. दा अपिन्सा म्हणतो, पानावर पोटभर वाढायचं, चव दाखवायला नाही. पितर काही पाहुणे नाहीत. मा फिदा म्हणते, याबा उपाशी राहील पण बियाणं खाणार नाही, लढाईत तिनं तेच केलं. दोघांचं खरं आहे, म्हणून मला झोप नाही.

पाळकांच्याही कानावर गेलं. प्रार्थनेनंतर थांबवून म्हणाले, "लुद्विनाबाई, ऐकतो ते खरं का?" मी म्हटलं, "पाळकसाहेब, शास्त्रातल्या रूथनंसुद्धा दुसऱ्याच्या शेतात सरवाच वेचला. मी आईच्या शेतात वेचला." ते म्हणाले, "त्यात काही वाईट नाही." मग हळूच विचारलं, "चवीला कशी असते?" त्यांच्या आजीकडे असायची म्हणे.

तू थोरली आहेस. तू सांग : माला वाढू की जमिनीला? पाऊस आला आहे, उत्तराला उशीर करू नकोस.

लुद्विना


रविवार, २८ मे २०००

सा अफीबा,

तू सुखरूप पोचल्याचं बा मोंगोनं सांगितलं. त्याच्या इंजिनाला काय शिव्या देऊ? नेमकं त्या शनिवारी बंद पडायचं होतं. तू आलीस तेव्हा पान वाढून झालं होतं, मुलांनी रीतीप्रमाणे पानावर झडप घालून ते चाटूनपुसून संपवलंही होतं. घरात साठ माणसं, आपल्याला धड दोन शब्द बोलता आले नाहीत. सुतकाची वस्त्रं उतरवताना तू माझा हात धरलास, तेवढंच. म्हणून जे तू पाहिलं नाहीस ते लिहिते.

तुझ्या उत्तराची मी वाट पाहिली नाही. पत्र बा मोंगोकडे दिलं आणि तिसऱ्या दिवशी तुंब्यातल्या साळीचे तीन वाटे केले. एक त्याच दुपारी ओढ्याकाठी टोकला. जमीन ओली होती आणि मला माझा भरवसा नव्हता. पुन्हा कोणी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर मी पुन्हा ऐकल्या असत्या. दुसरा वाटा कांडला. हळूहळू, तुटू नये म्हणून, तरी तुटलाच. पानावर ढीग काही झाला नाही. शेजारी भेंडी, भुईमुगाची आमटी, मासे, कसाव्याची भाकरी भरपूर होती, पण काळा भात दोन मुठी.

दा अपिन्सानं पाहिलं. पाइप तोंडातून काढला, यावरून काय ते समज. म्हणाला, "तुंबाभर निघाली होती म्हणे. बाकीची कुठं आहे?"

मी सगळ्यांसमोर पानापाशी गुडघे टेकले आणि त्याला नाही, माला सांगितलं. म्हटलं, मा, चार वर्षं तुझ्या हातात मी तेच दाणे ठेवले. हे नवे आहेत. कमी आहेत, कारण बाकीचे पेरलेत. थोरली वाटेत आहे, पहिला घास तिच्या नावानंही मीच ठेवते. अडकून राहू नकोस.

मी उठले नाही. दा अपिन्सा दिवस पुढे ढकलणार असं मला वाटत होतं, अन्न वाढलेलं, माणसं जमलेली, तू नाहीस. त्यानं पाणी ओतलं, माचं नाव घेतलं, तिच्या आईचं, तिच्या आईचं, असं अबेनीपर्यंत. मग म्हणाला, "याबानंही हेच केलं असतं. फक्त मला सांगितलं नसतं." मग बायका हसल्या, ढोल सुरू झाला, आणि मुलं पानावर तुटून पडली. एकानं घास तोंडात घेऊन "जाड आहे" म्हटलं आणि दुसरा घास घेतला.

हे एवढं झालं. माचं सुतक फिटलं. काल मी फुलांच्या कापडाचं लुगडं नेसून नदीवर गेले, वर्षभरानं. पाणी चढलं आहे.

तिसरा वाटा तू निघताना मी तुझ्या बोचक्यात घातला, कसाव्याच्या भाकऱ्यांखाली, निळ्या फडक्यात. सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, निम्मी तुझ्याकडेच राहू दे म्हणाली असतीस, आणि होडी सुटेपर्यंत आपण भांडत बसलो असतो. भाकऱ्या संपल्या असतील तर एव्हाना सापडलीच असेल.

ओलीची जागा बघ, ओढ्याजवळची असली तर उत्तम. लोंबी पिवळी पडायची वाट बघू नकोस, जरा आधीच फडकी बांध. जे गळेल ते गळू दे, त्यावर घर बांधू देऊ नकोस म्हणजे झालं. आणि तिकडेही पाऊस सुरू असेल, तर हे पत्र बाजूला ठेव. आधी टोक. उत्तर मागाहून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
लुद्विना